‘ओल’ कुणी ऐकायची?

त्या दिवशी शैलश्रीच्या वाटेला कुणी गेलं असतं तर थोबाडीत खाऊन आलं असतं. आणि का खाऊ नये? ‘ओल’ अल्बम येऊन वर्ष झालं, आणि तिच्याच गावात, खजुरीत, तो कुणी धड ऐकला नव्हता.

शैलश्री म्हणजे ‘हातोडा’ बँडची गायिका. कलबुर्गीत कॉलेजात असताना रविकुमारच्या गिटारीला तिनं गळा दिला आणि हे खटलं सुरू झालं. मराठीत हार्ड रॉक! लोक हसले. मग ‘कोरडा आड’ हा अल्बम आला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. उदगीरपासून आळंदपर्यंत लग्नात, जीपमध्ये, ट्रॅक्टरवर तेच. त्यातलं ‘पाणी सोड’ तर लोकांनी डोक्यावर घेतलं.

गाणं होतं गावच्या गुंडप्पाकाकांवर. दुष्काळात या बाबानं बोअरच्या खोलीला कुलूप घातलं होतं, आणि शैलश्रीची आई बसम्मा रिकामी घागर घेऊन त्याच्या दारातून परतली होती. त्या रागात पोरीनं गळा फोडून गाणं म्हटलं. पण गिटारीच्या दणक्यात कडवी कुणाला कळताहेत? लोकांच्या ध्यानात राहिलं एवढंच, ‘पाणी सोड, पाणी सोड!’ त्यात ते जत्रेत झालं आणि आठवड्याभरात पाऊस पडला. झालं! गावानं ठरवलं, हे देवाला घातलेलं साकडं. तेव्हापासून दरवर्षी रथ जागेवर आला की ते गाणं व्हायचंच, आणि गाण्यापुढं नारळ फोडायचा मान कुणाचा? गुंडप्पाकाकांचा! स्वतःवरच्या शिव्यांना हात जोडून उभे!

किंचाळून किंचाळून शैलश्रीच्या गळ्यात गाठी झाल्या. डॉक्टरनं बजावलं, पुन्हा ओरडलात तर आवाज कायमचा जाईल. मग ती खालच्या पट्टीत गायला नव्यानं शिकली, आणि ‘ओल’ केला. तिच्या मते आजवरचं सगळ्यात खरं काम. लोक म्हणाले, दम संपला हिचा.

यंदाच्या जत्रेत तिनं ‘ओल’मधलंच गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच कल्ला. ‘जुनं लावा, जुनं!’ गुंडप्पाकाका नारळ घेऊन स्टेजवर चढले.

‘शैला, हे काय रडगाणं लावलीस गं? देवाचं म्हण की.’

‘काका, माझा गळा गेलाय. ते म्हटलं तर आवाजच जाईल.’

‘एका गाण्यानं काय हुतंय? देव बघून घेतंय. रीत मोडू नको.’

रविकुमार तिच्या कानाशी लागला. ‘म्हणून टाक की. कामून वाद घालायलीस?’

तिच्या डोक्यात तिडीकच गेली. याची बोटं झडायची वेळ आली असती तर म्हणाला असता का मेला? गळा माझा, आणि रीत यांची!

‘गिटार ठेव खाली, रवी,’ ती म्हणाली. ‘कुणी काही वाजवायचं न्हाई. म्हणते काका, जुनंच म्हणते. ऐका.’

आणि तिनं नव्या, खालच्या आवाजात ‘पाणी सोड’ म्हटलं. शब्द न् शब्द सुटा.

‘म्हशी धुतल्यास तू हौदावरती,
माझी आई दारात उभी.
कुलूप तुझ्या बोअरला,
अन् किल्ली तुझ्या कमरेला.’

मांडवातल्या माना काकांकडं वळल्या. काकांचा चेहरा पडला.

‘हे... हे कुणावर हाय?’

‘तुमच्यावर. पहिल्या दिवसापासून तुमच्यावरच होतं. इतकी वर्षं फोडलात, फोडा आता नारळ!’

बायकांतून म्हातारी मल्लव्वा उठली. ‘व्हय, व्हय! बसम्मासंगं मी बी हुते. मला बी हाकललंय यानं!’

काका नारळ बगलेत मारून खाली उतरले. त्यांना कुणी ‘बसा’ म्हटलं नाही. रविकुमार मान खाली घालून गिटारीच्या तारांशी उगाच चाळा करत राहिला.

मल्लव्वा मात्र उभीच. तिनं पदर खोचला आणि स्टेजकडं हात केला.

‘आता तुझं नवं म्हण गं पोरी. असंच हळू म्हण. आता कुठं ऐकू यायलंय.’