सातशे बेचाळीसचा दगड

आधीच सांगते, भुतंखेतं, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच आमचा देव्हारा नदीत गेला... आमच्याकडं नारळ फुटतो तो फक्त चटणीसाठी! त्यात मी इंजिनिअर. पण जे झालं ते झालं, वाटलं तर हसा.

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मुरुडला आईकडं राहून एका छोट्या कंपनीचं काम करत होते. अकरा गावांच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह त्या कंपनीच्या मशीनवर चालायचे. मशीनमधल्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, एक भोक होतं. बाहेरचा कुणीही त्यातून आत शिरून व्हॉल्व्ह ताब्यात घेऊ शकला असता. महिन्यापूर्वी ते मीच बुजवलं होतं, अन् अर्धवट बुजवलं होतं. चूक माझीच.

कंपनीच्या सरांचा फोन आला. "पाचपर्यंत दुरुस्ती आली नाही तर मशीनं बंद करावी लागतील. ती परत चालू करायला माणूस येईपर्यंत चार दिवस टाक्याही बंद."

हातानं व्हॉल्व्ह उघडायची सोयच ठेवली नव्हती शहाण्यांनी! चार दिवस अकरा गावं कोरडी... त्या दुष्काळात. "पाचच्या आत देते," म्हणाले अन् फोन ठेवला.

दुपारी दोनपर्यंत पार बेजार झाले. दुरुस्ती करावी, टेस्ट लावावी, अन् मशीन कोसळावं. नेमकं कुठं कोसळतंय ते दिसावं म्हणून कोडच्या फाइलच्या सुरुवातीला तीन तात्पुरत्या ओळी टाकल्या. तेवढ्यात आई म्हणाली, "सुजे, जा, टाकीवर घागर लावून ये. डोक्याला जरा हवा लागंल."

टाकीपुढं घागरींची रांग होती. एखादीला मधेच घागर घरी न्यावी लागली तर ती जागेवर दगड ठेवून जाते. दगड आहे तोवर जागा तिची. बायकांच्या गप्पा चालल्या होत्या.

"उदगीर नवा जिल्हा हुनार म्हनं."

"हुईना का! जिल्ह्याच्या पाटीला तोटी लावनार हायत का?"

कडेला एक म्हातारी बसली होती, डोईवर पदर, शेजारी काठी. माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरी, घागर नेली, पन दगड तसाच हाय की. आधी दगड उचल, मग जागा दुसऱ्याला दे."

"कुठला दगड, आज्जी?"

"सातशे बेचाळीसचा."

बायका खो खो हसल्या. "म्हातारे, चाळीस घागरी न्हाईत, सातशे कुठून आनल्या?" मीही हसले, घागर लावली अन् घरी आले.

सहज म्हणून त्या फाइलची सातशे बेचाळिसावी ओळ उघडली... अन् अंगावर सर्रकन काटा आला. काम संपलेली मेमरी तिथं परत दिली जात होती, पण तिला धरून बसलेला टायमर चालूच होता. घागर गेलेली, दगड तिथंच! त्या जागेवर नवा डेटा येऊन बसला की गोंधळ, अन् त्याच गोंधळातून चोराला वाट. आधी टायमर थांबवला, मग मेमरी सोडली. शंभरदा टेस्ट लावली, मशीन एकदाही कोसळलं नाही.

आता त्या तीन तात्पुरत्या ओळी काढल्या. ती जागा तीन ओळी वर सरकली — सातशे एकोणचाळीस. म्हणजे सातशे बेचाळीस हा आकडा फक्त माझ्या लॅपटॉपवर होता, फक्त त्या दुपारपुरता! मी स्वतःसुद्धा तो तोवर पाहिला नव्हता.

आमच्या कामात एक रीत आहे. दुरुस्तीसोबत दोष कुणी दाखवला त्याचं नाव लिहायचं. साडेचार झाले होते, तरी टाकीकडं पळाले. म्हातारी नव्हती.

"ती आज्जी कुणाकडची?"

"तुमच्याच गल्लीची न्हवं?"

"मला वाटलं, हिची पाव्हनी हाय."

पाहिली होती सगळ्यांनी. ओळखत कुणीच नव्हतं.

सर फोनवर वैतागले, "अगं, टाक ना स्वतःचं नाव!"

"नाही सर. दुरुस्ती माझी आहे, शोध माझा नाही."

पाचला दहा कमी असताना पाठवली. टाक्या चालू राहिल्या. नंतर मी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर विचारत फिरले, पत्ता लागला नाही. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. नावाच्या जागी मी लिहिलं होतं, 'मुरुडच्या टाकीवरची एक बाई'. सरांनी दोनदा खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.