जुन्या नमुन्यावर बेतलेला ड्रेस

गल्लीत पक्की खबर होती, की मावशीचं लग्न मोडलं, त्या दुःखात तिनं अन्नपाणी सोडलं आणि तिला हवापालटाला धाडलं. इस्त्रीवाल्या काकू तर सांगता सांगता डोळेही टिपत. खरं एवढंच, की मोडायला मुळात लग्न ठरलेलंच नव्हतं. मावशी दवाखान्यात होती. न जेवण्याचाही आजार असतो, तो तिला झाला होता. बरी होऊन ती परत मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात लागली. बरी म्हणजे निम्मी बरी.

आता आगीतून फुफाट्यात म्हणजे काय ते बघा. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, स्वतःचं माप घ्यायचं नाही, आरशापुढे रेंगाळायचं नाही, दुपारचा डबा चुकवायचा नाही. आणि हिच्या गळ्यात दिवसभर टेप, समोर भिंतभर आरसा, आणि येणारी प्रत्येक बाई म्हणणार, जरा बारीक दिसेन असं शिवा हं. त्यात दुकानाची रीत अशी, की माप घेणाऱ्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं लिहायचा. मास्तर तर आकडा असा पुकारत, जणू फलाटावर गाडी लागतेय. आपला आकडा असा दुकानभर फिरेल, या धसक्यानं मावशीनं स्वतःचा नवा ड्रेस मापाशिवायच बेतला. आजारपणातला, तेव्हाच्या मापाचा कागदी नमुना कापडावर ठेवला आणि चालवली कात्री.

व्हायचं तेच झालं. ट्रायल रूममध्ये ड्रेस खांद्यांखाली उतरेना आणि वरही निघेना. दोन्ही हात वर, तोंड कापडात, कोपरं भिंतीला. बाहेर तिची भाची, म्हणजे हे लिहिणारी, गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करणारी, पडदा धरून उभी. आतून आवाज आला, की आठवडाभर जरा कमी खाल्लं की बसेल.

ते 'जरा' घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. मागच्या वेळीही 'जरा'पासूनच सुरुवात झाली होती.

"लाव पैज," भाची चिडून म्हणाली. "तू हा ड्रेस जपून ठेवणार आणि आज डबा उघडणार नाहीस. हरले तर आठवडाभर कुणाची नक्कल करणार नाही."

मावशीला बाहेर यायचं होतं आणि ड्रेसही सोडवत नव्हता.

"कात्री आण," मावशी म्हणाली. "शिवण उसवू नकोस, कापडच काप. उसवलंस तर मी परत शिवेन."

भाचीनं पाठीवरून सरळ कापत नेलं. कापड चिरल्याचा आवाज ऐकून मास्तर पलीकडे कळवळले.

घरचे कपडे चढवून मावशी बाहेर आली, ती पांढरीफटक. आरशाकडे पाठ करून बसली आणि डबा उघडला. एकेक घास टाचणी गिळावी तसा, मधेच दाराकडे नजर, कुणी हाक मारली तर उठता येईल म्हणून. कुणी मारली नाही. भाजीचा शेवटचा घास तर तिनं चावून तोंडातच ठेवला, गिळवेना. मग गिळला, आणि रिकामा डबा भाचीसमोर सरकवला.

"हरलीस," ती म्हणाली. "आता आठवडाभर गप्प."