शिडीचा गुडघा

गोदामातल्या मंडळींनी त्याला शिडी म्हणायला सुरुवात केली त्याला वीस वर्षं झाली असतील. तेराव्या वर्षी जो वाढायला लागला तो थांबेच ना. आई बिचारी दर चार महिन्यांनी विजारीची शिवण उसवून खाली सोडायची, शेवटी सोडायला कापडच उरलं नाही. दारांच्या चौकटींशी त्याच्या कपाळाचं कायमचं वैर. बाकी कुठे त्या उंचीचा उपयोग झाला नाही, पण बास्केटबॉलच्या मैदानावर तिने त्याला बसल्या जागी पोसलं. रिंगवरून चेंडू उसळला की गडी नुसता हात वर करायचा आणि फळीवरचा डबा काढावा तसा चेंडू काढून घ्यायचा. ना उडी, ना झटापट. संघात त्याच्याहून हुशार होते, चपळ होते, पण शिडीशिवाय गोदामाच्या संघाचं पान हलत नव्हतं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

दिवसा तो फोर्कलिफ्ट, म्हणजे खोक्यांचे ढीग उचलणारी गाडी, चालवायचा. संघाची कोच त्याची सख्खी थोरली बहीण. ती गेटाजवळच्या वजनकाट्यावर कारकून होती, तरुणपणी स्वतः खेळलेली. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत आणि तिला टरकूनही असत.

त्या वर्षी प्लेऑफमध्ये गाठ पडली बंबवाल्यांशी. अग्निशमन दलाचा संघ. तीन सामन्यांत दोन जिंकेल तो अंतिम फेरीत. बंबवाले आग विझवायला धावावं तसे चेंडूवर धावत. समोरचा चेंडू घेऊन निघाला रे निघाला की दोघे त्याला कोपऱ्यात कोंडत, आणि रिंगवर चेंडू गेला की पाचच्या पाच आत घुसत. त्यांच्यात बंबाचा ड्रायव्हर होता एक, सगळे त्याला पिंप म्हणत. उंचीने शिडीच्या काखेत मावेल एवढाच. पण चेंडू हवेत गेला की हा वर बघतच नसे. आधी शिडीच्या मांडीला ढुंगण लावून खाली बसायचा आणि मागे रेटत न्यायचा. रेटत रेटत त्याने शिडीला मैदानाबाहेर काढलं, तेही एकदा नव्हे, सात-आठदा.

"दादा, सरका की थोडं," पिंप गोड आवाजात म्हणाला. "मला चेंडू घ्यायचाय."

प्रेक्षक खो खो हसले. त्यांत शिडीची बायकोही बसलेली. ती हसली नाही, चपलेच्या पट्ट्याशी काहीतरी करत खाली बघत राहिली. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. सामना सतरा गुणांनी गेला. रिंगवरून उसळलेले चेंडू शिडीला मिळाले फक्त दोन.

दुसरा सामना चार दिवसांनी होता. सामन्याचा विषय निघाला की शिडी फोर्कलिफ्ट घेऊन दुसऱ्या टोकाला जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फोर्कलिफ्टवरून उतरला, पाय जमिनीला लागला आणि त्याच्या तोंडून निघालं, "आई गं! गुडघा!"

त्याने ठरवलेलं नव्हतं. पण निघालं, आणि निघाल्यावर मागे घेता येईना. दोघांनी धरून त्याला बसवलं. ताईने अपघाताच्या नोंदवहीत लिहिलं आणि खाली सही केली. गोदामाचा नियम असा, की पाय दुखावलेल्या माणसाने फोर्कलिफ्टला हात लावायचा नाही. म्हणून शिडी वजनकाट्याशेजारी खुर्चीत बसला, आणि त्याच्या खेपा उचलल्या फिरकीने. फिरकी म्हणजे पॅकिंगमधला, संघातला सगळ्यांत बुटका आणि सगळ्यांत बडबड्या. त्याला फोर्कलिफ्ट येत नव्हती. तो हातगाडीवर खोकी ओढायचा. स्वतःचं काम संपवून, जेवणाच्या सुट्टीत.

"तू गप बस रे राजा," जाता जाता तो शिडीला म्हणायचा. "गुडघा सांभाळ. पाठ काय, माझी वाकडीच आहे."

घरी बायको गरम पाण्याची पिशवी लावायची. "इथे दुखतंय का? की इथे?" शिडी कुठेतरी हो म्हणायचा.

दुसरा सामना त्याने बाकावरून पाहिला. ताईने सगळा खेळच बदलला होता. चेंडू घेऊन पळायचं नाही, दोघे अंगावर यायच्या आत तो सोडायचा. एकाने कायम मधल्या रेषेवर हात दाखवत उभं राहायचं, त्याला पास, त्याच्याकडून पुढे मोकळ्या माणसाला. दोघे एकावर आले म्हणजे कुणीतरी सुटा असणारच, एवढं साधं गणित. आणि चेंडू रिंगकडे गेला की चेंडू बघायचा नाही, आपला माणूस शोधायचा, त्याला पाठीवर घ्यायचा. पाचही बुटके वाकून उभे राहिले. बंबवाल्यांना आत शिरायला वाटच मिळेना. गोदाम नऊ गुणांनी जिंकलं.

जिंकल्या जिंकल्या सगळे बाकाकडे धावत आले. फिरकीने शिडीच्या गळ्यात हात टाकला. "हा तुझ्यासाठी, शिडी!"

शिडी हसला. तोंड आंबल्यासारखं झालं होतं. आपण नसलो तरी यांचं अडत नाही हे एक, आणि हे आपल्या खोट्या गुडघ्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावले हे दुसरं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते त्याला तेव्हा कळलं.

तिसऱ्या सामन्याच्या सकाळी वजनकाट्यावर एकही ट्रक नव्हता. ताईने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"बंबवाले मूर्ख नाहीत," ती म्हणाली. "आज दोन दांडगे आत ठेवतील. आपले बुटके पहिला अर्धा वेळ तग धरतील, मग दमतील. शेवटची दहा मिनिटं मला पिंपाला अडवायला कुणीतरी हवंय. चेंडू नको घेऊस. फक्त त्याला आत येऊ देऊ नकोस." मग ती थांबली. टेबलावरचा शिक्का तिने उगाच उचलून ठेवला. "दुखऱ्या पायाच्या भावाला हे विचारायचं म्हणजे... लाज वाटते रे मला. नाही म्हणालास तरी चालेल."

ताईला लाज वाटल्याचं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. "खेळतो," एवढंच तो म्हणाला.

शेवटची दहा मिनिटं तो उतरला, गुडघ्याला पट्टा बांधून. पिंपाने त्याला पाहून डोळा मारला. पहिलाच चेंडू हवेत गेला आणि शिडीने वर पाहिलंच नाही. वाकला. आयुष्यात पहिल्यांदा एवढा वाकला, की मांड्या थरथरायला लागल्या. पिंप खांद्याने रेटत होता, कोपराने ढोसत होता, शिव्या पुटपुटत होता. शिडीने त्याला पाठीवर धरून ठेवलं आणि मागून फिरकीने येऊन चेंडू उचलला. असं दहा मिनिटं. चेंडू एकदाही शिडीच्या हाताला लागला नाही. गोदाम तीन गुणांनी जिंकलं.

कपडे बदलायच्या खोलीत नुसता कल्ला. "असल्या पायावर! काय छाती आहे गड्याची!" फिरकी बर्फाची पिशवी घेऊन आला, शिडीसमोर जमिनीवर बसला आणि त्याच्या गुडघ्याचा पट्टा सोडायला लागला. बसताना त्याने कमरेला हात लावून हळूच कण्हल्याचं शिडीने ऐकलं.

"राहू दे," शिडी म्हणाला. "काही झालेलं नाही त्याला."

"ऐका! वर आणि फुशारकी!"

"फुशारकी नाही. कधीच काही झालं नव्हतं. पिंपाला भ्यालो होतो मी. खोटं बोललो."

काहीजण अजून हसतच होते. मग एकेकाचं हसू उतरलं. फिरकी सावकाश उठला. हातातल्या पिशवीकडे त्याने पाहिलं आणि ती स्वतःच्याच कमरेला लावली.

"एवढी खोकी," तो म्हणाला. बडबड्या माणसाला शब्द सापडेनासे झाले हे शिडीला बघवेना.

ताई दारात उभी होती. "नोंदवहीत सही माझी आहे," ती म्हणाली. "ती मी निस्तरेन. पण सकाळी मी शरमून तुला विचारत होते, ते तुला कळत होतं?"

"कळत होतं, ताई."

"आणि तू गप्प बसलास."

शिडी पट्ट्याची गाठ सोडायला लागला. ती म्हणाली, "अंतिम सामन्यात तू असशील की नाही, ते मी नाही ठरवणार. हे ठरवतील," आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शिडी सगळ्यांच्या आधी कामावर आला. आपल्या खेपा केल्या, मग हातगाडी घेऊन फिरकीच्याही. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी टोमणाही मारला नाही. जेवताना बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. बायकोला त्याने आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. तिने शेकायच्या पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं आणि पिशवी उलटी टांगून ठेवली.

संध्याकाळी सरावाला तो गेला, कारण न जाणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. ताईने जोड्या करायला सांगितल्या. एकाने वाकून अडवायचं, दुसऱ्याने रेटायचं. बाकीच्यांच्या जोड्या लागल्या. शिडी रिंगखाली एकटाच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते सुचेना. निघून जावं असं दोनदा मनात आलं.

फिरकी पाण्याची बाटली ठेवून आला. शिडीच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही.

"वाक," तो म्हणाला.

शिडी वाकला. फिरकीने खांदा त्याच्या बरगडीत घातला, सरावात कुणी घालत नाही इतक्या जोराने, आणि मग पुन्हा, आणि पुन्हा.