अकरा मिनिटांचा धवला

चूक माझी होती, आणि दीड वर्षं मी ती बायकोच्या माथी मारली. हे आधीच लिहितो. पुढचं वाचून मला घाबरट म्हणा, चालेल... पण बिचारा म्हणू नका. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करतो. ज्याची नोंद नाही, ते माझ्या लेखी नाहीच.

आमचा फ्लॅट नवीन पनवेलला, दुसऱ्या मजल्यावर. हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर. त्यासाठी मी वीज वाचवणारा ऑटोमॅटिक प्लग आणला होता — सॉकेटची एक पट्टी. पहिल्या सॉकेटला कॉम्प्युटर. तो बंद झाला की पट्टी ते ओळखते आणि प्रिंटर, स्पीकर, सगळं आपोआप बंद करते. 'टक्' वाजतं, हिरवा दिवा जातो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकानं दाखवायचो.

माझ्या सासूबाई उरणजवळच्या गावातल्या धवलारीण. आगरी लग्नांत धवले गाऊन विधी पार पाडायच्या. त्यांचं वय झालं, दम लागायला लागला, तेव्हा माझ्या बायकोनं, वैशालीनं, त्यांना आमच्याकडे आणून धवले रेकॉर्ड करायला घेतले. रोज दुपारी चारला. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर — आणि ती डिस्क माझ्या पट्टीवर.

"जावई, या डब्यात आमी मावू काय?" सासूबाई हसायच्या. पण एक गोष्ट बजावायच्या, "चालू केलेला धवला अर्ध्यात तोडायचा नाय."

चौथ्या दिवशी तो तुटला. ऐन गाण्यात 'टक्' झालं आणि डिस्क बंद पडली. पुन्हा उघडलीच नाही. आधीचे तीन दिवसही गेले. संध्याकाळी घरी आलो, पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही.

"टेबलाखाली तुझा पाय लागला असेल बटणाला."

"नाही हो, मी हललेसुद्धा नव्हते."

"मग काय भूत आलं होतं?"

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे बाय. पन जरा बगून बसत जा." नंतर त्या गायल्या नाहीत.

त्याच रविवारी, घरात कुणी नसताना, मी पट्टी तपासली. कॉम्प्युटर चालू ठेवून हात न लावता बसून राहिलो. थोड्या वेळानं स्क्रीन आपोआप काळी झाली, वीज कमी ओढली गेली, पट्टीला वाटलं कॉम्प्युटर बंद झाला — टक्. आईचं गाणं ऐकताना वैशालीनं माऊसला हात लावला नव्हता, एवढंच. मी सेटिंग बदललं आणि गप्प राहिलो. सासूबाई तेव्हा हयात होत्या. तीन आठवड्यांनी गेल्या.

तेव्हापासून वैशाली त्या टेबलाशी बसली की पाय खुर्चीवर ओढून घेते. दीड वर्ष मी हे बघत होतो.

गेल्या महिन्यात एका शनिवारी कॉम्प्युटर बंद असताना पट्टी वाजली. टक्. हिरवा दिवा लागला, स्पीकर बारीक गुणगुणायला लागला. घड्याळात चार. पुढच्या शनिवारी तेच. इलेक्ट्रिशियननं पट्टी उघडून बघितली. "साहेब, एकदम ओके आहे. तुमचा भास असेल."

तिसऱ्या शनिवारी मी कॉम्प्युटरचा प्लगच उपटला आणि हातात धरून बसलो. आता पट्टीनं ओळखावं असं काही उरलंच नव्हतं.

चार वाजले. टक्.

भिंतीचं बटण हाताच्या अंतरावर होतं. दाबता आलं नाही... अर्ध्यात तोडायचा नाय. घामानं प्लग हातातून निसटत होता. चार वाजून अकरा मिनिटांनी पुन्हा टक्, आणि दिवा गेला.

कॉम्प्युटर जोडला, डिस्क गेली तरी त्यात राहिलेली रेकॉर्डिंगची यादी उघडली. शेवटची नोंद, तुटलेल्या धवल्याची, तशीच होती. फाइल उघडत नाही, पण लांबी दिसते — अकरा मिनिटं.

याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. वीजवाल्या दोघांना विचारलं, दोघेही हसले. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. पट्टी अजून तिथंच आहे.

त्या दुपारी वैशाली आतून चहा घेऊन आली. खुर्चीत बसली, सवयीनं पाय वर घेतले. "अहो, चेहरा असा का झालाय?"

मी खाली बसलो, तिचे पाय धरून जमिनीवर टेकवले.

"तुझा पाय लागला नव्हता, वैशाली. माझ्या पट्टीनं बंद केलं होतं. त्याच आठवड्यात मला कळलं होतं, आई होत्या तेव्हाच. त्यांना सांगायचं राहून गेलं असं नाही, मीच सांगितलं नाही. मला माफ कर."