शंभर फुटांवरची सासू

इतका कजाग पुरुष मी दुसरा पाहिला नाही. आमच्या विमान कंपनीतले सगळे सहवैमानिक या कॅप्टनला ‘सासू’ म्हणायचे, आणि ते त्याला ठाऊक होतं. कॉकपिटमध्ये पाय ठेवायच्या आधीच त्याला आपल्या बुटांत, सहीत, नमस्कारात खोट सापडायची. तो जबलपूरचा, चेरीतालचा, मीही तिथलाच. म्हणून मला जाच दुप्पट.

त्याचा खरा दात काचेवर होता. आमच्या विमानांत वैमानिकाच्या डोळ्यांसमोर एक काच असते. विमानाच्या नाकातला कॅमेरा धुक्यातूनही धावपट्टी टिपून त्या काचेवर दाखवतो. उतरताना शंभर फुटांपर्यंत त्या चित्रावर विसंबायचं. त्याखाली धावपट्टी उघड्या डोळ्यांनी दिसलीच पाहिजे, नाहीतर परत वर. आकाश मोकळं असलं की हा माझी काच वर दुमडून टाकायचा. “काहून रे, टीव्ही पाहून राहिला का? बाहेर पाह!” विमान जरा डावीकडे टेकलं की चारचौघांत टोमणा, “काच काढली की आमची सून आंधळी!” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझ्या कॅप्टनपदाच्या परीक्षेला परीक्षक म्हणून नेमका हाच आला. फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या माझ्या बाबांनी ‘पोरगा कॅप्टन होतोय’ असं अर्ध्या चेरीतालला आधीच सांगून ठेवलं होतं. जानेवारीतली सकाळ, जबलपूरवर दाट धुकं. काचेवर धावपट्टी लख्ख. शंभर फूट आले.

“दिसली,” मी म्हणालो.

“काचेत का डोळ्यानं?”

“डोळ्यानं.”

त्यानं विमान वर घेतलं आणि थेट नागपूर गाठलं. उतरल्यावर एवढंच म्हणाला, “चूक माफ करतो बाबू, खोटं नाही. नापास.”

घरी बाबा म्हणाले, “अच्छा... चलो, होते असं.” मग दोन दिवस ते बाहेरच पडले नाहीत. मी संतापून कंपनीकडे तक्रार ठोकली: मला धावपट्टी दिसली होती, म्हातारा खुन्नस काढतोय.

चौकशीत त्याचा अहवाल माझ्या हाती आला. पहिल्या ओळीत अर्थातच माझं खोटं. खाली लिहिलं होतं, ‘मला स्वतःला धावपट्टी दिसली नाही. ते धुकं होतं की माझे डोळे, खात्री देता येत नाही. मला उड्डाणावरून काढून डोळे तपासावेत.’ तारीख त्याच दिवसाची, माझ्या तक्रारीच्या आधीची.

तेवढ्या ओळींवर मी जिंकलो असतो. त्या सकाळी मला काय दिसलं, हे आता फक्त मलाच ठाऊक होतं. सासूनं स्वतःच्या हातानं मला सुटका लिहून दिली होती. तो माणूस मला आजही आवडत नाही.

मी तक्रार मागे घेतली. डोळ्यांच्या तपासणीनंतर तो पुन्हा कधी उडाला नाही.