फिलू टीचरची किळस

लॅपटॉपवर काही शोधायचं असलं की फिलू टीचर आधी डावा तळहात पडद्याच्या वरच्या भागावर धरायच्या. तिथे यंत्राने रचलेलं आयतं उत्तर येई. ते नजरेलासुद्धा पडू नये म्हणून हा बंदोबस्त. मग उजव्या हाताने पान खाली सरकवत त्या माणसांनी लिहिलेल्या मजकुरापर्यंत पोहोचायच्या. “शी! कुणीतरी उष्टावलेलं ताट पुढे केल्यासारखं वाटतं,” म्हणायच्या.

वसईतल्या एका मराठी शाळेत आम्ही बरोबर शिकवलं. निवृत्तीनंतर त्या चर्चच्या मासिकाचं संपादन बघायच्या आणि मी मनवेलपाड्याहून त्यांच्याकडे मुद्रितं तपासायला जायचे. ब्राउझरच्या कोपऱ्यात चमचमती चांदणी उगवून ‘लिहायला मदत करू?’ विचारू लागली, की त्या तिला दरडावायच्या, “तुला बोलावलं कुणी?” सेटिंगमध्ये शिरून ती बंद करायच्या. अपडेट आलं की बया पुन्हा हजर! “झुरळ बरं, चपलेनं मरतं तरी.”

आधी त्या असल्या प्रकारांना नुसत्या हसायच्या. किळस बसली ती वसईजवळच्या कळंब गावातल्या एका म्हाताऱ्या मच्छीमारावर लिहिलेल्या मृत्युलेखामुळे. बुडणाऱ्या कितीतरी पोरांना त्याने बाहेर ओढलं होतं, आणि प्रत्येकाला तो एकच सांगायचा, “पान्याशी मस्ती नाय करायची. पानी सगल्यांना वलखतं.” टीचरनी हे ब्राउझरमध्येच टाइप केलं. ‘मजकूर सुधारायचा का?’ असं विचारलं गेलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासत असेल, असं समजून त्यांनी होकार दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पुन्हा न वाचता छापायला पाठवून दिलं. मी तेव्हा गावी होते. अंक आला, तर म्हातारा म्हणतोय, “सागराप्रती सदैव आदरभाव बाळगणे ही काळाची गरज आहे.”

त्याच्या बायकोने तो लेख नातीकडून वाचून घेतला. तिचा निरोप आला, “ह्यो कोन बोलतो? माजा मानूस असा कदी बोलला नाय.”

त्या दिवशी टीचरना जेवण गेलं नाही. “मेलेल्या माणसाच्या तोंडात परकी जीभ घातली गं मी.”

“तुम्ही कुठे? त्या यंत्राने.”

“आणि होकार कुणी दिला?”

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही कळंबला गेलो. म्हातारी अंगणात बोंबील सुकत घालत होती. टीचर उभ्या-उभ्याच म्हणाल्या, “बाय, चूक माझी आहे.” मग म्हाताऱ्याचं ते वाक्य त्याच्याच बोलीत म्हणून दाखवलं. म्हातारीने पदर तोंडाला लावला.

“परत बोल,” ती म्हणाली.

टीचर परत बोलल्या. पुढच्या अंकात ते वाक्य तसंच छापलं.

त्यानंतर कुणाच्याही घरी गेल्या तरी टीचर तिथला लॅपटॉप मागून घ्यायच्या आणि ती चांदणी विझवायच्या. जावई वैतागायचा. “आई, जग पुढे चाललंय.”

“जाऊ दे की. माझ्या तोंडात बोटं घालून कशाला जातंय?”

गेल्या हिवाळ्यात टीचर गेल्या. शाळेच्या ग्रुपवर श्रद्धांजल्या येऊ लागल्या. सगळ्या गुळगुळीत, एकाच साच्यातल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाने तर यंत्राची शेवटची ओळसुद्धा पुसली नव्हती: ‘हा संदेश अधिक भावपूर्ण करून देऊ का?’ “शी!” म्हणत मी फोन पर्समध्ये कोंबला आणि चर्चमध्ये गेले.

नातीचा हात धरून कळंबची म्हातारी आली होती. शवपेटीवर तिने फूल ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बरी बाय होती. चुकली, तं घरी येऊन सांगून गेली.”