बाबांचा जाळ्याचा चाकू

माझ्या पर्समध्ये घडीचा चाकू असतो. ऊर्जानगरच्या क्वार्टरांतल्या शेजारणींना हे ठाऊक आहे आणि त्या माझी चेष्टाही करतात. करोत. एकीने तर लाल मुठीचा नवाकोरा चाकू आणून दिला, म्हणे आता तरी ते भंगार फेक. नव्या चाकूने मी भाजी चिरते. जुना कुठेही जाणार नाही.

तो बाबांचा. आम्ही पोंभुर्ण्याकडचे, तळ्यात आणि नदीत मासे धरणारे. चाकूची मूळची मूठ कधीच फुटली होती, बाबांनी सागाची बसवली. खिळा म्हणून सायकलच्या आऱ्याचा तुकडा ठोकला. दगडावर घासून घासून पातं निम्मं उरलंय. मुठीवर त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे. माझा अंगठा त्यात लहान पडतो, आणि ते जाणवलं की अजूनही रडू येतं. येतं तर येतं.

लोकांना वाटतं, हा मासे कापायचा चाकू. मासे आई पावशीवर, म्हणजे विळीवर, कापायची. हा फक्त जाळ्याचा. जाळं फाटलं की शिवण्याआधी भोक आणखी मोठं करावं लागतं. तुटके, लोंबते धागे कापत कापत धड गाठीपर्यंत पोचायचं आणि मग तिथून बांबूच्या सुईने नवी घरं विणत यायचं. घाईने वरच्यावर शिवलेलं जाळं पहिल्याच मोठ्या माशाला टरकन फाटतं. माझ्या धाकट्या भावाला एवढा धीर कधीच नव्हता. म्हणून बाबा मलाच जवळ बसवायचे. "काप, भेऊ नोको," एवढंच म्हणायचे.

बाबा गेले तेव्हा मी लग्न होऊन इकडे आले होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या अंगावरच्या, रोजच्या वस्तू गाठोड्यात बांधून नदीत सोडतात. तिसऱ्या दिवशी मोठे काका अंगणात गाठोडं बांधायला बसले. सदरा, चपला, चष्मा. मग त्यांनी हात पुढे केला. चाकू माझ्या मुठीत होता.

"आण वो बाई इकडे. गेलेल्या माणसाचं लोखंड घरी ठेवत नसते."

समोर भिंतीवर बाबांचं जाळं टांगलेलं होतं. त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या. ते बाबा आजारी पडल्यापासून फाटकंच होतं. मी तिकडे बोट केलं. "अन् जाळं? ते बी बाबाचंच हाये ना?"

"जाळं पोटाचं हाये. तुह्या भावाले लागते."

"मंग चाकू कायचा हाये?"

"पोरीच्या जातीले चाकू कायले पायजे?"

अंगणातले चार जण हसले. माझं डोकं असं फिरलं की सांगायची सोय नाही. मी उठले, भिंतीवरून जाळं ओढून काढलं, सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसले आणि फाटक्या जागी चाकू चालवला. एक धागा, दुसरा, दहावा. वीतभर भोक हातभर झालं. बायका ओरडल्या. काका तर उभेच राहिले. "जाळ्याचं वाटोळं करून राह्यली ही! धरा हो हिले कोणी!" मासे धरणाऱ्या घराण्यातला माणूस, पण आयुष्यभर जाळी दुसऱ्यांकडून शिवून घेतलेली. त्यांना काय कळणार?

मी भ्याले नव्हते असं नाही. पण धड गाठी लागल्या तशी मी थांबले, चाकू मिटून कमरेला खोचला आणि सुई मागितली. कोणी हलेना. शेवटी आईच उठली आणि तिने सुई-दोरा माझ्यापुढे ठेवला. तास-दीड तास मी विणत होते. काका नदीवर निघायची घाई करत होते, पण गाठोडं उघडंच ठेवून बसले होते. चाकू हातात पडल्याशिवाय ते गाठ मारणार नव्हते.

शेवटची गाठ मारून मी जाळं ताणून दाखवलं. काकांनी ते पाहिलंच नाही. त्यांचा हात पुन्हा पुढे आला. "झालं ना? आण आता."

इतका वेळ भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो काकांच्या हाताजवळून वाकला, माझ्या मांडीवरचं जाळं उलटवलं आणि दुसरं भोक शोधून माझ्यापुढे धरलं.

"इथी बी फाटलं हाये, बाई," तो म्हणाला. "काप."

काकांनी चाकूशिवायच गाठ मारली.